अविभाज्य क्रियेचा आधार

संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वेगवेगळ्या कामांना वाटून देणाऱ्या सर्वांत खालच्या थरातील प्रोग्रॅममध्ये, सेमाफोर नावाची जी यंत्रणा असते तिच्याकडे सहसा तांत्रिक सोय म्हणूनच पाहिले जाते. परंतु ती प्रत्यक्ष उभी करू लागले की भारतीय तर्कशास्त्राने अनवस्था या नावाने ओळखलेला दोष पहिल्याच पायरीवर आडवा येतो. एका गोष्टीला आधार म्हणून दुसरी, दुसरीला आधार म्हणून तिसरी, अशी आधारांची परंपरा कोठेच न थांबणे म्हणजे अनवस्था. सेमाफोर हा अनेकांच्या वापरातील वस्तूचे रक्षण करण्यासाठी योजलेला असतो, पण त्यासाठी तो स्वतःही अनेकांच्या वापरात असावा लागतो, आणि मग त्याचे रक्षण कोणी करावयाचे हा प्रश्न उरतोच. त्यासाठी दुसरा सेमाफोर नेमला तर प्रश्न एक पायरी खाली सरकतो, सुटत नाही. गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाला मिळालेली उत्तरे तपासली तर असे दिसते की ही परंपरा तोडणे शक्य आहे, मात्र ती जेथे जेथे तोडली जाते तेथे तेथे वेळेच्या रूपाने किंमत मोजावी लागते. आणि एम्बेडेड प्रोसेसर, म्हणजे वॉशिंग मशीन, वाहनाचे ब्रेक, इन्सुलिनचा पंप अशा उपकरणांच्या पोटात बसवलेला छोटा प्रोसेसर, याच्यापाशी उधळायला वेळच नसतो.

सेमाफोरची कल्पना डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांची. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ती मांडली आणि आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात इलेक्ट्रोलॉजिका एक्स८ या यंत्रासाठी उभारलेल्या कार्यप्रणालीत ती वापरली. त्या प्रणालीचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. सेमाफोर म्हणजे शून्याच्या खाली न जाणारी एक संख्या आणि तिच्यावर करावयाच्या दोनच क्रिया. पहिली क्रिया, जिला डायक्स्ट्रांनी पी म्हटले, ती संख्या शून्याहून मोठी असल्यास एकाने कमी करते आणि शून्य असल्यास ती क्रिया करू पाहणाऱ्या टास्कला, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाला, थांबवून ठेवते. दुसरी क्रिया, व्ही, ही थांबलेल्यांपैकी एकाला जागे करते आणि कोणी थांबलेले नसेल तर संख्या एकाने वाढवते. या दोन्ही क्रिया अविभाज्य असल्या पाहिजेत, म्हणजे त्या चालू असतानाची अर्धवट अवस्था इतर कोणालाही दिसता कामा नये, अशी अट डायक्स्ट्रांनी व्याख्येतच घालून ठेवली. गणिताच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही, कारण व्याख्या करणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतो. कर्नल लिहिणाऱ्याला तो अधिकार नसतो. त्याला ती अट पाळून दाखवावी लागते, आणि ज्या प्रोसेसरवर ती पाळावयाची त्याला एकातून एक वजा करण्याची साधी गोष्टसुद्धा एका दमात करता येत नाही.

आर्म कंपनीच्या आराखड्याचे कॉर्टेक्स-एम कुळातील प्रोसेसर आज एम्बेडेड क्षेत्रात सर्वत्र आढळतात. त्यांच्यावर मेमरीतील संख्या कमी करण्यासाठी तीन आज्ञा लागतात. पहिली आज्ञा ती संख्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या एका छोट्या कप्प्यात, आणते. दुसरी तिच्यातून एक वजा करते. तिसरी आलेले उत्तर पुन्हा मेमरीत ठेवते. आता असे समजावे की मोकळ्या बफरची, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागांची, संख्या १ आहे, पहिल्या टास्कने ती १ रजिस्टरमध्ये आणली आहे, आणि नेमक्या त्या क्षणी इंटरप्ट आला, म्हणजे बाहेरच्या एखाद्या घटनेने प्रोसेसरचे चालू काम थांबवून त्याला दुसरीकडे वळवले. कर्नलने दुसऱ्या टास्कला पाळी दिली. तिनेही १ वाचला, ० लिहिला आणि बफर घेतला. काही वेळाने पहिली टास्क पुन्हा चालू होते तेव्हा कर्नल तिची सर्व रजिस्टरे प्रामाणिकपणे जशीच्या तशी परत करतो, आणि त्या प्रामाणिकपणातच घात आहे, कारण परत मिळालेल्या रजिस्टरात अजून १ आहे. ती टास्क ० लिहिते आणि तोच बफर घेते. न्याय आणि मीमांसा या भारतीय दर्शनांचे अनुयायी, म्हणजे नैयायिक आणि मीमांसक, या दोघांनीही स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, मानण्यास नकार दिला होता, कारण स्मृती वस्तूकडे न पाहता पूर्वीच्या अनुभवाकडे पाहून बोलते. येथे जे घडले ते यापेक्षा वेगळे नाही. रजिस्टरातील १ ही स्मृती आहे, आणि ती टास्क तिला प्रत्यक्ष समजून वागली.

याहून फसवी अवस्था संख्या शून्य असताना येते. एखादी टास्क शून्य वाचते, थांबायचे ठरवते, पण थांबलेल्यांच्या यादीत तिचे नाव अजून चढलेले नसते. तेवढ्यात इंटरप्ट येऊन व्ही क्रिया होते, यादी रिकामी दिसते म्हणून कोणालाही जागे न करता संख्या १ होते, आणि इंटरप्ट संपल्यावर ती टास्क आपल्या जुन्या निर्णयाप्रमाणे झोपी जाते. सेमाफोर उपलब्ध आहे आणि त्याची वाट पाहणारी टास्क निजलेली आहे, अशी ही स्थिती पुढची व्ही क्रिया होईपर्यंत तशीच राहते, आणि पुढची व्ही क्रिया या टास्कने काही केल्यावरच होणार असेल तर कायमची राहते. असा दोष चाचणीत सापडणे दुर्मीळ, कारण त्यासाठी इंटरप्ट दोन विशिष्ट आज्ञांच्या मधल्या फटीतच यावा लागतो.

एकच प्रोसेसर असलेल्या यंत्रात यावरचा रूढ उपाय म्हणजे सेमाफोरला हात लावण्यापूर्वी इंटरप्ट बंद करणे आणि काम झाले की ते पुन्हा चालू करणे. कॉर्टेक्स-एमवर त्यासाठी एक आज्ञा पुरते. अनवस्था येथे थांबल्यासारखी वाटते; पण ती कशाच्या बळावर थांबली हे पाहण्यासारखे आहे. पी क्रियेचे तुकडे अजूनही तेवढेच आहेत, तिच्या आज्ञा अजूनही एकामागून एकच चालतात. बदलले ते एवढेच, की ते तुकडे पाहू शकेल असा कोणी त्या काळात जागा नाही. अविभाज्यता हा क्रियेचा गुण नसून साक्षीदाराच्या गैरहजेरीचा परिणाम आहे.

फ्रीआरटीओएस या रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेल्या आणि आज फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या कर्नलमध्ये ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. (या कर्नलमध्ये सेमाफोर हा शून्य लांबीच्या संदेशांची रांग म्हणून रचलेला आहे, संदेशात काहीच नसते, किती संदेश आहेत एवढेच मोजले जाते, ही रचना एखाद्या शून्यवाद्यालाही आवडावी.) कॉर्टेक्स-एम३ आणि त्यापुढच्या प्रोसेसरवर हा कर्नल सगळे इंटरप्ट बंद करीत नाही, तर एका ठरावीक प्राधान्यापर्यंतचेच रोखतो. त्याहून वरच्या प्राधान्याचे इंटरप्ट सेमाफोरची क्रिया अर्धवट असतानाही खुशाल येतात. मात्र त्यांनी कर्नलच्या कोणत्याही फंक्शनला हाक मारू नये असा दंडक असतो. तेव्हा क्रिया अविभाज्य आहे, पण ती नियम पाळणाऱ्यांच्या समुदायापुरती. त्या समुदायाबाहेरच्याला तिचे अवयव दिसू शकतात, आणि तो पाहत नाही याची हमी प्रोसेसर देत नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची शिस्त देते. वेळेची किंमतही येथेच प्रथम दिसते. इंटरप्ट जितका काळ रोखले जातात तितका काळ मोटारचा किंवा सेन्सरचा संकेत दाराशी ताटकळतो, म्हणून एम्बेडेड कर्नलची परीक्षा करताना हा सर्वाधिक रोखकाळ किती, हा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो.

एकाऐवजी दोन प्रोसेसर आले की हा उपाय निकामी ठरतो, कारण आपले इंटरप्ट बंद केल्याने शेजारचा कोअर, म्हणजे त्याच चिपवरचा दुसरा प्रोसेसर, थांबत नाही. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या आरपी२०४० या स्वस्त चिपमध्ये कॉर्टेक्स-एम० प्लस जातीचे दोन कोअर आहेत आणि त्या जातीच्या आज्ञासंचात अविभाज्य बदलाची कोणतीही सोय नाही. म्हणून चिपच्या रचनाकारांनी ३२ हार्डवेअर स्पिनलॉक दिले. यातील प्रत्येक लॉक म्हणजे वाचण्याचा एक पत्ता. तो वाचल्यावर शून्याखेरीज काही आले तर लॉक मिळाला, शून्य आले तर तो दुसऱ्याकडे आहे असे समजून पुन्हा वाचत राहावयाचे. वाचणे हेच घेणे असल्यामुळे वाचन आणि लेखन यांच्यामधली फट उरत नाही. दोन्ही कोअरांनी एकच लॉक एकाच क्लॉकच्या ठोक्यावर वाचला तर काय, याचे उत्तर चिपच्या दस्तऐवजात एका वाक्यात दिलेले आहे: लॉक कोअर ० ला मिळतो. का, याचे कारण दिलेले नाही आणि तसे कारण असूही शकत नाही.

कारणाशिवायची ही निवड तत्त्वज्ञानाला नवी नाही. अकराव्या शतकातील इस्लामी विचारवंत अल-गझाली यांनी तत्त्वज्ञांचे खंडन करणाऱ्या आपल्या तहाफुत या ग्रंथात, ईश्वराने जग याच क्षणी का निर्माण केले, आधी किंवा नंतर का नाही, सर्व क्षण सारखेच असताना एक निवडण्यास कारण काय, हा आक्षेप घेतला जातो असे गृहीत धरून उत्तर दिले आहे. दोन अगदी सारखे खजूर समोर असलेला आणि त्यातला एकच घेता येणारा भुकेला माणूस उपाशी राहत नाही, तो एक उचलतोच. सारख्यातून एकाला वेगळे काढणे हा इच्छाशक्तीचा स्वभावच आहे, तिला त्यासाठी कारण लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे तत्त्वज्ञांच्या बाजूने उत्तर देणाऱ्या इब्न रुश्द यांना तो पटला नाही. आरपी२०४० च्या रचनाकारांना मात्र गझालींच्याच बाजूला बसवावे लागेल, कारण त्यांनी दोन समान दावेदारांतून एकाला केवळ ठरवून वेगळे काढले. ही मोकळीक त्यांना मिळाली ती दोन्ही कोअर एकाच क्लॉकवर चालतात म्हणून. क्लॉक काळाचे स्वतंत्र ठोके पाडते, आणि ठोके असले म्हणजे दोन घटना एकाच ठोक्यावर आल्या की नाही या प्रश्नाला हो किंवा नाही असे स्वच्छ उत्तर असते.

मोठ्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांनी वेगळी वाट धरली आहे. त्यांच्यात लोड-एक्सक्लूझिव्ह आणि स्टोअर-एक्सक्लूझिव्ह अशी आज्ञांची जोडी असते. पहिली संख्या वाचते आणि त्या पत्त्यावर नजर ठेवण्याची नोंद करते. दुसरी उत्तर लिहिण्याचा प्रयत्न करते, पण मधल्या काळात ती नोंद मोडली असेल तर काहीही न लिहिता फसल्याचे कळवते, आणि मग सर्व क्रिया पहिल्यापासून करावयाची. येथे कोणाला रोखलेले नाही, कोणावर दार बंद केलेले नाही. वाचलेले खरे धरून पुढे जावे, आणि त्याला बाध आणणारे काही घडल्याचे कळले तरच ते टाकून द्यावे, अशी ही रीत आहे, आणि ती मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादाच्या फार जवळ जाते. सातव्या शतकातील कुमारिल भट्ट यांचे म्हणणे असे होते की ज्ञान उपजत प्रमाण असते. त्याच्या प्रामाण्यासाठी दुसऱ्या ज्ञानाचा आधार शोधला तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल आणि अनवस्था ओढवेल, म्हणून बाधक ज्ञान उद्भवेपर्यंत किंवा कारणातला दोष कळेपर्यंत पहिल्यावरच विसंबावे. नैयायिक उलट म्हणत की प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून कळते, आणि बहुधा ते प्रवृत्ती सफल झाल्यावरून कळते. या आज्ञांच्या जोडीवर हक्क सांगायला नैयायिकही मोकळा आहे, कारण वाचलेले खरे होते हे स्टोअर सफल झाल्यावरच कळते. वाद कसाही निकाली निघो, किंमत पुन्हा वेळेतच आहे. किती वेळा फसावे लागेल याला या आज्ञा कोणतीही वरची मर्यादा देत नाहीत, आणि कॉर्टेक्स-एमवर इंटरप्टमध्ये शिरताना व बाहेर पडताना ती नोंद पुसली जात असल्याने, त्या पत्त्याला कोणी हात लावलेला नसतानाही प्रयत्न फसू शकतो.

स्टोअर-एक्सक्लूझिव्हचा निर्णय असो वा स्पिनलॉकचा, हार्डवेअरमध्ये तो कोठेतरी घ्यावाच लागतो, आणि तो घेणारा भाग अखेर फ्लिप-फ्लॉपचा, म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अवस्था धरून ठेवणाऱ्या मंडलाचा, बनलेला असतो. वैशेषिकांनी परमाणू मानला तो काहीशा अशाच गरजेपोटी. विभाजनाला शेवट नसेल तर मोहरीच्या दाण्यालाही अनंत अवयव आणि मेरू पर्वतालाही अनंत अवयव, मग दोघांच्या आकारात फरक राहण्याचे कारण उरणार नाही, म्हणून विभाजन कोठेतरी थांबले पाहिजे, असा त्या परंपरेतील युक्तिवाद आहे. त्यावर बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूंनी विंशतिका या ग्रंथात विचारले की एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू येऊन भिडले, तर ज्या बाजूला एक भिडला त्याच बाजूला दुसरा भिडलेला नाही, म्हणजे परमाणूला सहा बाजू झाल्या, आणि बाजू असल्या म्हणजे अवयव आले. या आक्षेपाची धार अशी की परमाणू एकटा असेपर्यंत तो निरवयव मानायला हरकत नाही. तो दुसऱ्याला भिडला की त्याचे अवयव उघडे पडतात. फ्लिप-फ्लॉपचे नेमके असेच आहे. आपल्या क्लॉकच्या तालावर येणाऱ्या संकेतांशी त्याचा व्यवहार असेपर्यंत तो शून्य आणि एक या दोनच अवस्था जाणतो. क्लॉकशी संबंध नसलेला बाहेरचा संकेत, उदाहरणार्थ कोणी दाबलेल्या बटणाचा किंवा सेन्सरचा, नेमका ठोक्याच्या क्षणाला भिडला, की फ्लिप-फ्लॉपच्या आतला व्होल्टेज दोन्हींच्या मधोमध तरंगत राहू शकतो. ही अवस्था किती काळ टिकेल याला निश्चित सीमा नाही. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नर यांनी प्रयोगातून ती दाखवून दिली, तेव्हा अनेक अभियंत्यांना ती खरी वाटणे अवघड गेले.

अडचण मंडलाच्या कारागिरीची नाही. ती किती खोल आहे हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले आहे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या बुरिदान यांच्या नावाने एक गाढव प्रसिद्ध आहे, जे दोन सारख्या अंतरावरच्या गवताच्या ढिगांमधून एक निवडता न आल्याने उपाशी मरते. बुरिदान यांच्या उपलब्ध ग्रंथांत ते गाढव सापडत नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच. लॅम्पोर्ट यांचा मुद्दा असा की आरंभीची परिस्थिती अखंडपणे बदलू शकत असेल आणि निर्णय मात्र दोनच असतील, तर कोणतीही भौतिक व्यवस्था प्रत्येक परिस्थितीत ठरावीक वेळेच्या आत निर्णय देईलच असे होऊ शकत नाही. गझालींचा तोडगा, म्हणजे अंतरे समान असतील तर डावीकडे जावे हा नियम, येथे चालत नाही, कारण अंतरे समान आहेत की नाहीत हे ठरवणे हाच आणखी एक निर्णय आहे, आणि समान व जवळजवळ समान यांच्या सीमेवर गाढव पुन्हा तसेच खोळंबते. निर्णयाला हवा तेवढा वेळ दिला तर तो येतोच, आणि चुकीचाही येत नाही. वेळ बांधून दिला की तो न येण्याची शक्यता शून्य करता येत नाही.

या पार्श्वभूमीवर लॅम्पोर्ट यांचेच १९७४ चे एक काम अधिक अर्थपूर्ण वाटते. बेकरीत येणाऱ्याने क्रमांकाचे टोकन घ्यावे आणि कमी क्रमांकाच्याला आधी माल मिळावा, या पद्धतीवर त्यांनी एक अल्गोरिदम रचला, ज्यात टोकन देणारा कोणी नसतो; प्रत्येक टास्क इतरांचे क्रमांक पाहून स्वतःच आपला क्रमांक ठरवते, आणि दोघींचा क्रमांक एकच निघाला तर आधीच नेमलेल्या अनुक्रमाने पाळी लागते. या अल्गोरिदमला मेमरीचे वाचन-लेखन अविभाज्य असण्याचीसुद्धा गरज नाही. एखादी टास्क आपला क्रमांक लिहीत असतानाच दुसरीने तो वाचला आणि तिला काहीतरी भलतेच दिसले, तरी एका वेळी एकच आत असेल हा नियम मोडत नाही. याचा अर्थ अनवस्था अटळ नाही. खालच्या थरात परस्पर-वर्जन, म्हणजे एका वेळी एकालाच प्रवेश, गृहीत न धरता वरच्या थरात ते उभे करता येते. अभियंत्यांनी हा शोध जितका गंभीरपणे घ्यायला हवा होता तितका तत्त्वचिंतकांनीही घ्यायला हवा होता, कारण आधाराशिवाय उभ्या राहिलेल्या आधाराची अशी काटेकोर सिद्धता इतरत्र क्वचितच मिळते. पण तिच्यातही वाचन कधीतरी पूर्ण होईल एवढेच गृहीत आहे, किती वेळात होईल ते नाही. शिवाय थांबणारी टास्क झोपत नाही, ती इतरांचे क्रमांक पुन्हा पुन्हा वाचत प्रोसेसर खाते. एम्बेडेड कर्नलमध्ये बेकरी अल्गोरिदम फारसा दिसत नाही, त्याचे कारण हे आहे.

सुरक्षितता अबाधित असूनही वेळ चुकला म्हणजे काय होते याचे गाजलेले उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर यान तेथे उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनमधून स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. व्हीएक्सवर्क्स या कर्नलवर चालणाऱ्या त्या प्रणालीत कमी प्राधान्याच्या हवामान-नोंदीच्या टास्कने एक सेमाफोर धरलेला असे, त्याचीच वाट बसवरून येणाऱ्या माहितीचे वाटप करणारी वरच्या प्राधान्याची टास्क पाहत असे, आणि मधल्या प्राधान्याच्या टास्क खालच्या टास्कला चालूच देत नसत. परिणामी सर्वांत तातडीची टास्क मधल्यांच्या मागे अडकून राही, आणि पुढच्या चक्राच्या वेळी तिचे काम अपुरे दिसले की प्रणाली धोका मानून सर्व काही नव्याने सुरू करी. सेमाफोरने आपला धर्म एकदाही सोडला नव्हता. एका वेळी एकच टास्क आत होती. सेमाफोर धरणाऱ्याला, त्याची वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तेवढ्यापुरते उसने देण्याची सोय त्या कर्नलमध्ये होती, पण त्या सेमाफोरसाठी ती बंद ठेवलेली होती, आणि पृथ्वीवरून ती चालू करताच पुन्हा सुरू होण्याचे प्रकार थांबले. या सोयीचे पद्धतशीर विवेचन लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले होते.

प्रोसेसरच्या काठावर, जेथे बाहेरचा संकेत आत येतो, तेथे अभियंता जे करतो ते मोजक्या शब्दांत सांगता येते. तो एका फ्लिप-फ्लॉपमागे दुसरा ठेवतो. पहिला तरंगत राहिला तर त्याला सावरायला क्लॉकचा एक पूर्ण ठोका मिळतो, आणि तरंगत राहण्याची शक्यता मिळालेल्या वेळेनुसार घातांकाने घटत असल्यामुळे एका ठोक्यातही ती अत्यंत अल्प होते. शून्य होत नाही. जोखीम मोठी किंवा क्लॉक फार वेगवान असेल तेथे तिसराही ठेवतात. म्हणजे ज्या इंटरप्टने व्ही क्रिया घडवून कोणाला जागे करावयाचे, तो आत शिरताना ज्या पायावरून चालत येतो तो पाया तार्किक निश्चितीचा नसून संभाव्यतेचा आहे, आणि त्याच्यावर उभारलेली सेमाफोरची प्रत्येक सिद्धता त्या अर्थाने सशर्त आहे. सिद्धता निरुपयोगी आहे असा याचा अर्थ करणे उतावीळपणाचे ठरेल. ती खालच्या थराने दिलेले वचन वरच्या थरापर्यंत न गळता पोचवते, आणि वचन मुळात किती पक्के आहे हा निराळा प्रश्न आहे.

दहाव्या शतकातील मिथिलेचे उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजली हा ग्रंथ ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी लिहिला, आणि त्यात त्यांना चार्वाकाच्या एका संशयाचा सामना करावा लागला. अनुमान ज्या व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या न चुकणाऱ्या साहचर्यावर, उभे असते ती व्याप्ती दुसऱ्या देशी वा दुसऱ्या काळी मोडणार नाही कशावरून? उदयनांचे उत्तर असे की संशयाला सीमा आहे, आणि ती व्याघाताची, म्हणजे संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशीच विसंगती उत्पन्न होण्याची. त्याच न्याय परंपरेतील गंगेशांनी पुढे ते अधिक उलगडले: धूर हवा म्हणून जो नेमाने अग्नी पेटवतो त्याला अग्नीपासून धूर होतो की नाही असा संशय खरोखरी आहे असे म्हणता येत नाही. गंगेशांच्या आधीच, बाराव्या शतकात, वेदान्ती श्रीहर्ष यांनी उदयनांच्याच श्लोकातील थोडे शब्द बदलून तो त्यांच्यावर उलटवला. व्याघात हा स्वतःच संशयाच्या आश्रयाने राहतो, मग तो संशयाची हद्द कसा ठरवणार? तर्काच्या बळावर तोलले तर श्रीहर्षांचे पारडे जड वाटते. तरीही दोन फ्लिप-फ्लॉपवर थांबणारा अभियंता उदयनांच्या पक्षाचा आहे, कारण ज्या यंत्रावर संशय घ्यावयाचा त्याच यंत्राने चालणाऱ्या गाडीत तो बसणार आहे. तिसरा फ्लिप-फ्लॉप ठेवणारा श्रीहर्षांना अर्ध्या वाटेवर भेटतो, आणि त्यासाठी १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर आणखी ८ नॅनोसेकंद मोजतो. चौथा, पाचवा असे ठेवत गेले तर संशय प्रत्येक वेळी कित्येक पटींनी कमी होतो आणि उत्तर प्रत्येक वेळी एका ठोक्याने उशिरा येते, म्हणून किती ठेवायचे हे तर्क ठरवीत नाही. ब्रेक लागायला किती उशीर चालेल, हे ठरवते.

आरपी२०४० मध्ये इनपुट-आउटपुटचे प्रोग्रॅम चालवणारा पीआयओ नावाचा एक विभाग आहे, आणि त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पिनवर असे दोन फ्लिप-फ्लॉप आहेत. ज्याला तेवढाही विलंब परवडत नाही, बहुधा येणारा संकेत मुळात चिपने दिलेल्या क्लॉकच्याच तालावर येत असल्यामुळे ज्याला त्या रक्षणाची गरज नाही, त्याच्यासाठी एक रजिस्टर ठेवलेले आहे. त्यात पिनच्या नावाचा बिट १ केला की त्या पिनवरचे दोन्ही फ्लिप-फ्लॉप वगळून संकेत थेट आत येतो. त्या रजिस्टराच्या वर्णनात उत्पादकाने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एवढाच सल्ला दिला आहे की संशय असेल तर सर्व बिट शून्यच ठेवावेत.